‘पडीक’ कुणी ठरवले?

(रत्नागिरी येथील कार्यकर्ता-शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत या सत्राचे नाव ‘हवामानबदल आणि गवताळ जमिनी’ असे आहे. ते वाचून काही जणींनी सकाळीच विचारले, की आपण हिंसाचाराच्या केसेस, पोटगी, रेशन, दारू हे प्रश्न घेऊन काम करणाऱ्या बायका. आपल्याला गवताचे काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून मी गवतापासून सुरुवात न करता कागदापासून करते. कागदाशी आपल्या सगळ्यांचीच गाठ पडलेली आहे.

दोन कागद डोळ्यांसमोर आणा. पहिला सातबारा. त्यावर जमिनीचे दोन भाग केलेले असतात. एक लागवडीयोग्य, दुसरा पोटखराबा. आपल्याकडच्या सड्यावरच्या जमिनीचा उतारा काढलात तर बहुतेक सगळे क्षेत्र या दुसऱ्या रकान्यात सापडेल. पीकपाहणीत कुठे ‘पड’ लिहिलेले असते, कुठे ‘गवतपड’. म्हणजे गवत आहे हे तलाठ्याला दिसले, तरी त्यापुढे ‘पड’ लागलेच.

दुसरा कागद सरकारी पाहणीचा. देशातले किती लोक काम करतात हे मोजण्यासाठी राष्ट्रीय नमुना पाहणी होते. तिच्यात प्रत्येक माणसाला त्याच्या कामाप्रमाणे एक आकडा देतात. फक्त घरकाम करणाऱ्या बाईचा आकडा ९२. आणि जी घरकाम करून शिवाय लाकूडफाटा, रानभाजी, गुरांचा चारा गोळा करून आणते तिचा आकडा ९३. हे दोन्ही आकडे ‘श्रमशक्तीबाहेर’ या गटात पडतात. डोक्यावर गवताचा भारा घेऊन सडा उतरणारी बाई सरकारला दिसते, तिच्यासाठी वेगळा आकडाही आहे, पण ती काम करते असे मात्र धरत नाहीत.

सड्याला ‘पड’ म्हणणारा कागद आणि बाईला ‘काम न करणारी’ म्हणणारा कागद हे एकाच डोक्यातून निघालेले आहेत. ज्याचा बाजारात भाव होत नाही, ज्यावर सारा बसत नाही, ते नाहीच असे ते डोके धरून चालते. आजचे माझे म्हणणे एवढेच आहे, की हवामान बदलत असताना गवताळ जमिनी पुन्हा जिवंत करायच्या असतील, तर हे दोन्ही कागद एकदम दुरुस्त करावे लागतील. एक तसाच ठेवून दुसरा दुरुस्त होणार नाही.

सडा म्हणजे काय

आपल्यातल्या काही जणी घाटावरून आल्या आहेत, त्यांच्यासाठी थोडे सांगते. कोकणात खाडीकाठची शेती आणि डोंगरउतारावरच्या वाड्या सोडून वर गेले, की माथ्यावर सपाट, विस्तीर्ण कातळ लागतो. तो जांभा दगड. त्या माथ्याला आम्ही सडा म्हणतो. रत्नागिरी, लांजा, राजापूर, गुहागर, कुठल्याही तालुक्यात जा, सडा आहेच. मे महिन्यात त्यावर पाय ठेववत नाही. काळा, तापलेला, उघडा. बाहेरून आलेला माणूस नेमका तेव्हाच बघतो आणि म्हणतो, इथे काहीच नाही.

पहिला पाऊस पडून गेला की पंधरा दिवसांत तोच सडा ओळखू येत नाही. खोलगट जागी पाणी साठते. भेगांत आणि बोटभर मातीत गवत उगवते. श्रावण-भाद्रपदात निळी, पांढरी, पिवळी बारीक फुले येतात. त्यांतली ‘सीतेची आसवे’ सगळ्यांना ठाऊक आहे. हे झाड आणि त्याच्या शेजारचा दवबिंदू किडे खातात. सड्याच्या मातीत नत्र फार कमी, म्हणून त्यांनी ती सोय करून घेतली आहे. पावसाच्या सुरुवातीला दीपकाडीची पांढरी फुले येतात. ती जात पश्चिम किनाऱ्याच्या सड्यांखेरीज जगात कुठे उगवत नाही. रत्नागिरी तालुक्यातल्या डोर्ले गावच्या सड्यावर सापडलेल्या एका पट्टेरी पालीची शास्त्रात पहिली नोंद १९६३ साली झाली. डॉ. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी वर्षानुवर्षे हे कातळमाथे पायी पालथे घालून तिथल्या जीवसृष्टीची नोंद केली. उत्तर सह्याद्री आणि कोकणातल्या सड्यांचा त्यांनी घेतलेला आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला.

आणि माणसे? सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी कोरलेली चित्रे आहेत, ती कातळशिल्पे आता जगाला माहीत झाली. युनेस्कोच्या वारसास्थळांच्या प्राथमिक यादीत २०२२ साली कोकणातल्या नऊ जागा गेल्या. त्यांतल्या सात आपल्या जिल्ह्यातल्या आहेत: उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. या शेवटच्या नावाकडे जरा लक्ष द्या. गोठण म्हणजे चरून झाल्यावर गुरे दुपारची विसाव्याला थांबतात ती जागा. ज्या जमिनीला कागद पड म्हणतो, तिच्या गावाच्या नावातच गुरे बसलेली आहेत.

बाईचे वर्ष आणि सड्याचे वर्ष

सड्याचा उपयोग कुणाला, हे बघायचे तर बाईचे वर्ष बघावे लागते. मार्च-एप्रिलमध्ये तरव्याची भाजवळ. शेण, पातेरा, कवळ आणि वाळले गवत शेतात पसरून ते भाजायचे, मग पावसात तिथे भाताची रोपे धरायची. जूनमध्ये उतारावर आणि सड्याच्या कडेला टाकळा, फोडशी, भारंगी. ज्या घरात त्या दिवसांत भाजीला पैसे नसतात, तिथले महिनाभराचे कालवण यातून निघते. पावसाळाभर गुरे वर चरतात. दिवाळीच्या आगेमागे भात कापून झाले, की गवत कापणी. बायका सकाळी वर जातात, कापतात, वाळवतात, भारे बांधतात आणि डोक्यावरून खाली आणतात. मग त्याची उडवी रचली जाते. त्या उडवीवर पुढच्या पावसापर्यंत गुरे जगतात, दूध राहते, शेण राहते, आणि शेण आहे म्हणून पुन्हा भाजवळ होते.

ही साखळी बहुतांशी बाईच्या हातात आहे, त्याला कारणही आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. २००१ साली ११३६ होत्या. याचा अर्थ मुलींचे इथे फार लाड होतात असा नाही. पुरुष मुंबईला असतात असा आहे. गिरणीच्या काळापासून घर, शेत, म्हातारी माणसे आणि गुरे बाईने सांभाळायची आणि मनीऑर्डरची वाट बघायची, ही आपली अर्थव्यवस्था. मनीऑर्डर येवो न येवो, गवत कापावेच लागे.

दुसरी गोष्ट पाण्याची. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मे आला की कित्येक वाड्यांना टँकर लागतो. जांभा सच्छिद्र आहे. सड्यावर पडलेले पाणी भेगांतून आत झिरपते, खालच्या चिकट मातीच्या थरावर अडते आणि उताराला झरा होऊन बाहेर येते. वाड्या उतारावर वसल्या त्या याच झऱ्यांच्या आणि विहिरींच्या आधाराने. सड्यावरचे गवत आणि डबकी पाण्याचा वेग मोडतात, त्याला मुरायला वेळ देतात. सडा फोडला किंवा त्यावर सिमेंट पडले, तर वरचे पाणी पऱ्याने थेट खाली धावते. मग पावसात पूर आणि उन्हाळ्यात हंडा. तो हंडा कुणाच्या डोक्यावर असतो, हे या सभेत सांगायला नको.

पडीक ठरले कसे

हे आपोआप झाले नाही. आपल्या जिल्ह्यात खोती होती. भातजमीन, वरकस, गवत, सगळ्यांत खोताचा वाटा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा कायदेमंडळावर गेला. कायदा व्हायला मात्र १९४९ साल उजाडले. पुढे कुळांना जमिनी मिळाल्या, त्या पुरुषांच्या नावाने. सडे बहुतेक सामाईक राहिले. एकेका सर्व्हे नंबरवर दहा-वीस हिस्सेदार, त्यांतले निम्मे मुंबईत. शेजारच्या वाडीतली, स्वतःच्या नावावर गुंठाही नसलेली बाई, गवळी-धनगराच्या म्हशी, बौद्धवाडीतल्या दोन शेळ्या, सगळे त्यावर चरत होते. कुणी विचारून, कुणी वाटा देऊन, कुणी न विचारता. ती वहिवाट कुठल्याही कागदावर आली नाही.

१९८५ साली केंद्र सरकारने पडीक जमीन विकास मंडळ काढले. पुढे २००० साली उपग्रहाच्या मदतीने देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला. त्यात ‘उघडी खडकाळ पड’ असा एक वर्गच आहे. आपले सडे त्यात बसतात. सामाजिक वनीकरणात सड्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली, कारण ती काहीही नसले तरी वाढते. तिच्या दाट पाल्याखाली गवत धरत नाही. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली. तिने कोकणात आंबा-काजू मोठ्या प्रमाणावर पसरला. त्याने घरात पैसा आला हे नाकारायचे कारण नाही. उतारावर, मातीत लावलेली कलमे चांगली आहेत. पण पुढे ज्यांच्याकडे भांडवल होते ते सड्याच्या माथ्यावर गेले. सुरुंग लावून कातळ फोडायचा, खालून माती आणून भरायची, कुंपण घालायचे. कुंपण पडले की गवताची वाट बंद. तिसरीकडे चिरेखाणी. चिरा निघून गेल्यावर उरतो तो उभ्या भिंतींचा खड्डा.

आणि मोठे प्रकल्प. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचे भूसंपादन २०१९ साली रद्द झाले. मग तोच प्रस्ताव बारसूकडे वळला. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाला गाड्या आल्या, तेव्हा भर उन्हात रस्त्यावर आडव्या झालेल्या बायकांची छायाचित्रे देशभर छापून आली. प्रकल्प हवा की नको हा वाद मी आज इथे मांडत नाही, त्यावर या शिबिरात वेगळे सत्र आहे. मला लक्ष वेधायचे आहे ते एका वाक्याकडे. त्या काळात पुन्हा पुन्हा सांगितले गेले, की ही नापीक कातळाची जमीन आहे. ‘काहीच पिकत नाही’ हे एकदा मान्य झाले, की पुढचे सगळे मान्य होते. म्हणून भांडण त्या पहिल्या शब्दापासून सुरू करायला हवे.

आता हवामानाच्या नावाने

आता याच शब्दाला नवा आधार मिळतो आहे. जगाचे तापमान वाढते आहे, हवेतला कार्बन कमी करायचा, म्हणून झाडे लावा. भारताने २०३० पर्यंत झाडे आणि जंगल वाढवून अडीच ते तीन अब्ज टन जादा कर्बवायू शोषण्याचे वचन जगाला दिले आहे. महाराष्ट्रात २०१९ साली तेहतीस कोटी वृक्षांची मोहीम झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राची हरित-पत योजना आली. तिचे सूत्र असे, की अवनत आणि पडीक जमिनीवर लागवडीला पैसे द्या आणि त्याबद्दल गुण मिळवा. झाडाला कोण विरोध करील? पण झाडे लावायला जागा लागते आणि जागा शोधताना सगळ्यांची नजर जाते ती ‘पडी’कडे.

गवताची बाजू शास्त्रानेही मांडलेली आहे. चांगल्या मातीच्या गवताळ प्रदेशात कार्बनचा मोठा साठा जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. वणवा लागला तर झाडातला कार्बन परत हवेत जातो. गवत जळले तरी खालचा साठा बराचसा टिकतो. आपल्या सड्यावर माती कमी, त्यामुळे कार्बनचा मोठा हिशेब तिथे मांडता येणार नाही, तो मांडूही नये. सड्याचा हिशेब पाण्याचा, चाऱ्याचा आणि जीवसृष्टीचा आहे. हवामान बदलताना तोच जास्त कामाला येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या व्यापक घटना तिपटीने वाढल्या. आपण ते अनुभवलेही. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या करून गेले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आले आणि त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेले. वीस-पंचवीस वर्षांची कलमे एका दिवसात गेली, ती पुन्हा उभी करायला तेवढीच वर्षे लागणार. गवत मात्र त्याच पावसाळ्यात उगवले. ज्या घरात बागही होती आणि गायही होती, त्या घराला त्या वर्षी काहीतरी धरायला उरले.

हा प्रश्न एकट्या कोकणाचा नाही. गुजरातेत कच्छमध्ये बन्नी नावाचा अडीच हजार चौरस किलोमीटरचा गवताळ प्रदेश आहे. खारे वाळवंट पुढे सरकू नये म्हणून १९६१ साली वनखात्याने तिथे परदेशी बाभूळ लावली. ती इतकी पसरली, की गवताचा निम्म्याहून अधिक भाग तिने व्यापला. तिथले लोक तिला गांडो बावळ म्हणतात, म्हणजे वेडी बाभूळ. मालधारी पशुपालकांची बन्नी म्हैस त्याच गवतावर पोसलेली. तिला २०१० साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. जिथे बाभूळ मुळासकट काढून गवताला जागा दिली, तिथे गवत परत येते आहे. पण या काळात काही कुटुंबे त्याच बाभळीचा कोळसा करून पोट भरू लागली होती. तेव्हा बाभूळ काढताना त्यांच्या पोटाचे काय, हाही प्रश्न आला. गवत परत आणणे हे नुसते शास्त्राचे काम नाही, हे बन्नीकडून शिकण्यासारखे आहे.

राखण म्हणजे काय करायचे

मग आपण काय करायचे? इंग्रजीतून आलेल्या अहवालांत ‘पुनर्स्थापना’ असा जड शब्द असतो. आपल्याकडे राखण हा शब्द आहे. गुरांची राखण, शेताची राखण. देवरहाटी शेकडो वर्षे टिकली ती राखणीने. सड्याची राखण करायची तर कामे अशी आहेत.

पहिले, जो सडा अजून फोडलेला नाही तो फोडू द्यायचा नाही. सड्यावरची बोटभर माती तयार व्हायला हजारो वर्षे लागली आहेत. सुरुंग लागल्यावर ती आपल्या नातवंडांच्या हयातीतही परत येणार नाही. इथे दुरुस्तीपेक्षा सांभाळणे स्वस्त आहे. दुसरे, नवीन झाडे लावायची ती उतारावर, बांधावर, वाडीजवळ. सड्याच्या माथ्यावर नाही. तिसरे, ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपे पावसात, माती ओली असताना उपटायची. मोठी झाडे टप्प्याटप्प्याने काढायची, कारण आज कित्येक घरांच्या चुलीत तेच लाकूड जाते. सरपणाची दुसरी सोय झाल्याशिवाय ती एकदम तोडा, असे सांगणे म्हणजे बाईची पायपीट वाढवणे होय. चौथे, गवत कापताना सगळे एकदम कापायचे नाही. सड्यावरची पुष्कळ गवते वर्षायू आहेत, बी पडले तरच पुढच्या वर्षी उगवतात. दरवर्षी एक पट्टा बी पडेपर्यंत राखून ठेवायचा आणि पुढच्या वर्षी दुसरा. पाचवे, होळीच्या आधी जाळरेषा. वणव्याने गवतही जाते आणि शेजारची बागही जाते, म्हणून या कामात बागायतदारालाही बरोबर घेता येते. सहावे, गुरे ठेवायची. चराई पूर्ण बंद केली तर झुडपे माजतात, बेसुमार केली तर कातळ उघडा पडतो. कोकणची बुटकी, काटक गाय याच चराईवर घडली आहे. ‘कोकण कपिला’ म्हणून तिची स्वतंत्र जात अलीकडे, २०१८ साली, राष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली.

भारा कुणी वाहायचा

आता सर्वांत अवघड प्रश्न. हे सगळे ऐकून एखादी तरुण सून म्हणेल, की ताई, तुम्ही सड्याचे गुणगान करता, पण माझ्या सासूची मान त्या भाऱ्याने गेली. मला गुरे नकोत, गवत नको. मला मुलाला शिकवायचे आहे. तिचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. सडा वाचवण्याच्या नावाखाली तिला पुन्हा भाऱ्याखाली घालायचे असेल तर आपली संघटना त्यात असता कामा नये.

आजवरचा अनुभव काय सांगतो? पर्यावरणाची योजना आली की तिच्यात ‘महिलांच्या सहभागातून’ असे वाक्य असते. सहभाग म्हणजे बचत गटाच्या बायकांनी फुकट खड्डे खणायचे, श्रमदान करायचे, फोटोत उभे राहायचे. समितीचा अध्यक्ष पुरुष, ठेकेदार पुरुष, सहीचा अधिकार पुरुषाचा. गवत कापायचे यंत्र आले तरी ते पुरुषाच्या खांद्यावर जाते आणि त्याला रोज मिळतो. विळा मात्र बाईच्या हातात राहतो, बिनमोल.

म्हणून आपल्या अटी आधी ठरवल्या पाहिजेत. सड्याच्या राखणीचे प्रत्येक काम, मग जाळरेषा असो, बाभूळ काढणे असो की पट्टे राखणे, हे मजुरीचे काम म्हणून सरकारी रोजगाराच्या यादीत धरले जावे आणि मजुरी बाईच्या स्वतःच्या खात्यावर जमा व्हावी. गवत कापायची, बांधायची आणि वाहून न्यायची साधने बायकांच्या गटाच्या मालकीची असावीत, ती चालवायचे शिक्षण बायकांना मिळावे. सड्यावर गाडी जाईल अशी एक वाट असावी. गुरांचे आणि चाऱ्याचे काम घरातल्या पुरुषानेही करावे, हे आपल्याला घरात सांगावे लागेल. तो ठराव ग्रामसभेत होत नसतो. दुधाचा पैसा जिने धार काढली तिच्या हातात पडला, तर गाय ठेवायची की नाही याचा विचार तीच सून वेगळ्या रीतीने करील. आणि तरीही तिने नको म्हटले, तर तो तिचा हक्क आहे.

नाव कुठे आहे

शेवटी प्रश्न येतो नावावर. सडा विकला जातो तेव्हा सही कुणाची लागते? खातेदाराची. गवत कोण कापते हे खरेदीखतात विचारत नाहीत. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलग्यांच्या बरोबरीचा हक्क दिला. पण प्रत्यक्षात काय होते? वडील गेले की भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो. माहेर तुटेल या भीतीने बहीण सही करते. भातजमिनीच्या वेळी ती निदान विचार तरी करते. सड्याच्या वेळी तिला सांगितले जाते, ‘अगं, तो कातळ आहे, त्यात काय आहे!’ मग प्रकल्पाची कुणकुण लागते, दलाल फिरू लागतात आणि त्याच कातळाला भाव येतो. विकणारा मुंबईत, घेणारा आणखी कुठे. कापणारीला कुंपण पडल्यावर कळते.

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या सल्ला केंद्रांवर हक्कसोडाचे प्रकरण आले, की त्यातला सडा कुठला, किती, हे विचारायला सुरुवात करा. ‘कातळ आहे’ म्हणून सोडू नको, हे तिला सांगा. जिच्या नावावर सडा येणारच नाही, त्या भूमिहीन बाईच्या वहिवाटीचे काय, हा प्रश्नही त्याच वेळी मांडा. नाहीतर आपण फक्त जमीनवाल्यांच्या लेकींची संघटना होऊ.

गावाच्या पातळीवर तीन जागा आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी अशी कायद्यातच तरतूद आहे. ती बहुतेक गावांत सह्या गोळा करून उरकली जाते. पुढच्या सभेत एकच विषय ठेवा: आपल्या गावचा सडा कोण कोण वापरते. दुसरी जागा जैवविविधता समितीची. २००२ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती मागून घ्या, उघडून वाचा. तिच्यात सड्यावरची गवते, रानभाज्या, डबकी आणि त्यांची माहिती असणाऱ्या बायका आहेत का बघा. नसल्या तर लेखी कळवा. तिसरी जागा गुरचरणाची. सरकारी गुरचरण जमीन आपल्या जिल्ह्यात थोडी आहे, पण आहे तिथे तिच्या हद्दी शोधून काढा. गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवावीत असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ च्या निकालात सांगितले आहे. मात्र त्या निकालाच्या नावाखाली गायरानावर राहणाऱ्या गरिबांची घरे पाडायला निघालेल्यांना साथ द्यायची नाही, हेही पक्के ठेवा.

आणि एक काम याच दिवाळीपासून. प्रत्येक वाडीत एक वही. जिला लिहिता येते तिने लिहायचे. आज सड्यावर कोण कोण गेल्या, किती वेळ गेला, किती भारे आले, भाजी कुठली आणली, झरा कुठल्या महिन्यात आटला. नावे बाईची, तिच्या स्वतःच्या नावाने. अमक्याची बायको किंवा तमक्याची आई असे नाही. वर्षभराने ती वही घेऊन आपण तलाठ्याकडे, तहसीलदाराकडे, वेळ आली तर जनसुनावणीत जाऊ. ‘इथे काही नाही’ असे कुणी म्हणाले की वही पुढे ठेवायची. तक्रार करून आपल्याला पुष्कळ वेळा परत पाठवले आहे. हिशेब घेऊन गेलेल्या बाईला परत पाठवणे थोडे जड जाते.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ राने आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून ठरवले. अशी वर्षे येतात आणि जातात, १९७५ चे स्त्री-वर्षही आले होते. त्या वर्षाने आपल्याला आयते काही दिले नाही, पण त्याचा आधार घेऊन आपण उभ्या राहिलो. याही वर्षाचे तसेच आहे. जिल्ह्यातल्या सड्यांवरच्या ‘पड’ या शेऱ्याजागी जे खरोखर आहे ते लिहिले जावे, एवढी मागणी आपण यानिमित्ताने लावून धरू. दुपारच्या सत्रात तालुकावार गट करायचे आहेत. कुठल्या वाडीत वही कोण सुरू करणार, तेवढे नाव देऊनच जेवायला उठू या.